दफ्तर घरी आणताना

जुन्या कागदांचे मोल मराठी माणसाला सांगावे लागू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवर पडलेले दफ्तराचे रुमाल त्यांनी सोडून पाहिले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडाने बाहेर पडू लागली. पुढे रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग काढले. या दोन्ही उद्योगांच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती. कागद कुणीतरी ठेवला होता. ठेवणाऱ्याला त्याचे महत्त्व कळले होते असेही नाही. पुष्कळदा टाकून देण्याचा कंटाळा केला, एवढ्यावरच तो वाचला. वाळवी आणि पाऊस यांच्या तावडीतून सुटला, तर दुर्लक्षित कागदही शे-दोनशे वर्षे तग धरतो.

ई-मेलचे मात्र नेमके उलटे आहे. त्याकडे दुर्लक्ष केले की तो जातो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मराठी घरांतली मुले अमेरिकेत, आखातात, ऑस्ट्रेलियात गेली. आंतरदेशीय पत्र आणि एअरोग्राम मागे पडले. सुखदुःखाच्या, भांडणांच्या, लग्ने जुळवण्याच्या आणि मोडण्याच्या बातम्या संगणकावरून जाऊ-येऊ लागल्या. तो सारा पत्रव्यवहार आज कुठे आहे? बहुतेक घरांत याचे उत्तर 'असेल कुठेतरी' असे मिळेल.

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांतामुळे. आमचा कुलवृत्तांत १९५६ साली छापला गेला. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यात मुलगे सविस्तर होते आणि मुली एका ओळीत उरकलेल्या होत्या. सुधारून वाढवलेल्या आवृत्तीसाठी माहिती जमवण्याचे काम माझ्या वडिलांनी अंगावर घेतले. बाबा सांगलीत हायस्कूलमध्ये शिक्षक होते. दादा १९९८ साली 'वाय-टू-के'च्या कामासाठी न्यू जर्सीला गेला. त्याच्याशी बोलता यावे म्हणून पुढच्या वर्षी घरात संगणक आला आणि बाबांनी तो कुलवृत्तांताच्या कामाला जुंपला. १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षे ते जगभरच्या भाऊबंदांना आणि माहेरवाशिणींना लिहीत राहिले. २०१७ साली ते गेले. आवृत्ती निघायची राहिली. आता घराण्यातल्या तरुण मंडळींनी समिती नेमली, तेव्हा सर्वांनी एकच सांगितले, 'माहिती तुमच्या बाबांकडे होती.' ती होतीही. बँकेच्या संगणक विभागात माझी नोकरी झाल्यामुळे हे काम ओघानेच माझ्याकडे आले.

ही माहिती बाबांच्या संगणकात का होती आणि दूरच्या एखाद्या कंपनीच्या यंत्रात का नव्हती, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. जोडणी टेलिफोनच्या तारेवरून व्हायची, तासांचा हिशेब असायचा आणि टेलिफोनचे बिल निराळे. म्हणून लोक जोडणी करायचे, आलेली पत्रे उतरवून घ्यायचे, जोडणी तोडायचे आणि मग निवांत वाचायचे. या पद्धतीला 'पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल', थोडक्यात 'पॉप', म्हणतात. पोस्टमनने पत्र दारात आणून हाती ठेवावे, की पोस्टाचा त्याच्याशी संबंध संपला, तसेच हे. पत्र एकदा उतरवून घेतले की सहसा सर्व्हरवर त्याची प्रत उरत नसे. ते पूर्णपणे आपले होई. आणि संगणक बिघडला, तर नुकसानही पूर्णपणे आपलेच!

याहून वेगळी रीत मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८६ साली मांडली होती. तिचे नाव 'आयमॅप'. तीत पत्रे सर्व्हरवरच राहतात, तिथेच त्यांचे कप्पे असतात आणि आपण घरच्या संगणकावरून, लॅपटॉपवरून वा मोबाइलवरून तेच कप्पे उघडून वाचतो. आज आपल्यापैकी बहुतेक जण नकळत याच तऱ्हेने पत्रे वाचतात. सर्व्हर मात्र दुसऱ्याचा असतो. हा सर्व्हर आपलाच असला तर? माझ्या कामाचे सूत्र एवढेच होते. बाबांच्या संगणकातली पत्रे उचलायची, घरातल्याच एका छोट्या सर्व्हरवर न्यायची आणि सांगली, पुणे, न्यू जर्सी कुठूनही घरच्यांना ती वाचता येतील असे करायचे.

सांगायला सोपे. प्रत्यक्षात बाबांची पत्रे तीन वेगवेगळ्या पेटाऱ्यांत होती आणि प्रत्येकाचे कुलूप निराळे होते.

पहिला पेटारा 'युडोरा'चा. हा प्रोग्राम स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ साली इलिनॉय विद्यापीठात लिहिला आणि त्याला अमेरिकन लेखिका युडोरा वेल्टी यांचे नाव दिले; कारण पोस्टातच मुक्काम ठोकणाऱ्या बाईची गोष्ट त्यांनी लिहिली होती. युडोरा पत्रांचा मजकूर साध्या स्वरूपात ठेवतो, ही मोठी सोय. पण पत्रासोबत आलेले फोटो आणि कागद तो पत्रापासून तोडून दुसऱ्याच कप्प्यात टाकतो आणि पत्रात त्यांच्या ठिकाणाची एक ओळ मागे ठेवतो. कप्पा हलला की ती ओळ निरर्थक. कुणी वंशावळीचा तक्ता पाठवलेला असावा आणि पत्र एका खोलीत, तक्ता दुसऱ्या खोलीत अशी गत. यासाठी खास प्रोग्राम मिळतात. त्यांच्या मदतीने दोघांची गाठ पुन्हा घालता येते.

दुसरा पेटारा 'आउटलुक एक्सप्रेस'चा. हा विंडोजबरोबर फुकट येई, म्हणून आपल्याकडे घरोघरी होता. तो प्रत्येक कप्प्यातली सगळी पत्रे एकाच फाइलमध्ये स्वतःच्या पद्धतीने गुंफून ठेवतो. ती फाइल साध्या संपादकात उघडली तर तुकडे दिसतात, सलग पत्र हाती लागत नाही. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये हा प्रोग्रामच नव्हता. पेटारा शिल्लक आणि किल्ली करणारा कारागीर गावातून गेलेला, असा हा प्रकार. इथेही फाइल फोडून पत्रे सुटी करणारे प्रोग्राम कामी आले.

तिसरा 'थंडरबर्ड'चा. यात पत्रे एकामागून एक अशी साध्या मजकुराच्या लांबलचक फाइलमध्ये असतात. नवे पत्र कुठे सुरू होते, हे 'फ्रॉम' या इंग्रजी शब्दाने सुरू होणाऱ्या एका ओळीवरून ओळखायचे. ही पद्धत फार जुनी आणि सर्वांना ठाऊक असलेली, म्हणून सर्वांत कमी त्रासाची.

यावर कुणीही म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? एखाद्या मोठ्या कंपनीचे फुकट खाते उघडा आणि सगळे तिथे चढवून टाका. समितीचीही सूचना हीच होती. या सूचनेत चूक काही नाही. हॉटमेलच्या जुन्या फुकट खात्यात २ मेगाबाइट जागा मिळे. १ एप्रिल २००४ रोजी जीमेलने १ गिगाबाइट देऊ केली, तेव्हा तारीख पाहून अनेकांना ती थट्टाच वाटली. या कंपन्यांची यंत्रे आपल्या घरातल्या यंत्रांपेक्षा कितीतरी भरवशाची आहेत, हेही मान्य केले पाहिजे.

पण यंत्र भरवशाचे असणे वेगळे आणि ठेव आपल्या ताब्यात असणे वेगळे. 'याहू ग्रुप्स'वर असंख्य गटांचा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार साठला होता. डिसेंबर २०१९ मध्ये तो मजकूर काढून टाकण्यात आला आणि वर्षभराने ती सेवाच बंद झाली. ज्यांनी मुदतीत प्रती घेतल्या, त्यांचेच वाचले. गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार सलग दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते मजकुरासकट काढून टाकले जाऊ शकते. जिवंत माणसाच्या दृष्टीने हा नियम रास्त असेल. परंतु गेलेल्या माणसाचे खाते कोण वापरणार?

याहून मोठे कारण बाबांच्या एका कप्प्यात होते. त्याचे नाव 'छापू नये'. त्यात ४३ पत्रे होती. कुणी दत्तक गेल्याची खरी हकिकत लिहिली होती, कुणी पहिल्या लग्नाची. कुणी घरातल्या मनोरुग्णाबद्दल. प्रत्येकाने बाबांना विश्वासाने लिहिले होते आणि बाबांनी प्रत्येकाला उलट टपाली शब्द दिला होता. ही ४३ पत्रे आठ-दहा जणांना पासवर्ड माहीत असलेल्या सामाईक खात्यात टाकण्याचा अधिकार मला नव्हता. वारसाने माझ्याकडे पत्रे आली, तसा तो शब्दही आला.

म्हणून सर्व्हर घरीच ठेवायचे ठरवले. त्यासाठी भले मोठे यंत्र लागत नाही. पत्त्यांच्या कॅटाएवढा 'रास्पबेरी पाय', त्याला जोडलेली एक डिस्क आणि त्यावर 'लिनक्स' एवढ्यावर भागते. पत्रे सांभाळण्याचे काम 'डव्हकॉट' नावाचा प्रोग्राम करतो. फिनलंडचे टिमो सिरायनेन यांनी तो लिहिला आणि २००२ पासून तो कुणालाही मोफत मिळतो. पत्रे ठेवण्यासाठी मी 'मेलडिर' ही रीत निवडली. डॅनियल बर्नस्टाइन यांनी ती १९९० च्या दशकात बसवली. हिच्यात प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल असते. लिहिता लिहिता वीज गेली, तर फार तर एक पत्र बिघडेल, सारा गठ्ठा जाणार नाही. ज्यांनी भारनियमन सोसले आहे, त्यांना या रीतीचा शहाणपणा वेगळा समजावून द्यायला नको.

हा सर्व्हर नवी टपाल घेत नाही आणि पाठवतही नाही, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. घरच्या जोडणीचा पत्ता बहुधा बदलता असतो. घरगुती पत्त्यावरून थेट निघालेल्या पत्रांकडे मोठ्या सेवा संशयाने पाहतात. आणि पत्र खरोखर आपल्याकडूनच आले हे सिद्ध करण्यासाठी 'एसपीएफ', 'डीकेआयएम', 'डीमार्क' अशी प्रमाणपत्रांची मालिका सांभाळावी लागते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक पत्रे पाठवणाऱ्यांसाठी हे नियम आणखी कडक केले. हौशी माणसाने या फंदात पडू नये, असे माझे मत आहे. रोजची टपाल नेहमीच्या सेवेकडे आणि दफ्तर घरी, अशी मी वाटणी केली. बाहेरच्या जगाला या सर्व्हरची वाट दिसत नाही. दादाच्या लॅपटॉपपुरता एक कुलूपबंद बोगदा तेवढा ठेवला आहे.

आता प्रत्यक्ष हलवाहलव. सगळी पत्रे आधी थंडरबर्डमध्ये आणली, त्यात आपल्या सर्व्हरचे खाते 'आयमॅप' म्हणून जोडले आणि कप्प्यामागून कप्पा तिकडे उतरवला. इथे दोन पथ्ये आहेत. पहिले, पत्रे हलवायची नाहीत, त्यांची प्रत करायची. मूळ डिस्क जशीच्या तशी बाजूला ठेवायची. दुसरे, आधी मोजायचे आणि नंतर मोजायचे. बाबांची पत्रे अशी होती : युडोरात २,११८, आउटलुक एक्सप्रेसमध्ये ५,३४० आणि थंडरबर्डमध्ये ६,२०७, एकूण १३,६६५. सर्व्हरवर भरली १३,६७१. सहा पत्रे जास्त! शोधल्यावर उलगडा झाला. युडोराच्या सहा इंग्रजी पत्रांत एकेका ओळीची सुरुवातच 'फ्रॉम' या शब्दाने झाली होती. तिथे नवे पत्र सुरू झाले असे समजून प्रोग्रामने त्या सहा पत्रांचे दोन-दोन तुकडे केले होते. ते जोडल्यावर हिशेब जुळला. बँकेत दिवसअखेरीस रोकड जुळल्यावर जे समाधान होते, तेच इथेही झाले.

तारखांचेही पाहावे लागते. सर्व्हर प्रत्येक पत्रावर ते आपल्याकडे दाखल झाल्याची तारीख टिपतो. प्रत करणाऱ्या प्रोग्रामने जुनी तारीख सोबत दिली नाही, तर वीस वर्षांची पत्रे आजच आल्यासारखी एका रांगेत दिसतात. घाबरण्याचे कारण नाही. पोस्टाचा शिक्का नवा पडला, तरी पत्राच्या माथ्यावरची तारीख जुनीच असते. तिच्यावरून क्रम लावून घेता येतो.

खरी परीक्षा पुढे होती, आणि ती लिपीची होती. पत्रे आली, मोजून झाली, पण त्यांतली सुमारे सहाशे वाचता येईनात. पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा कचरा दिसत होता. ही २००० ते २००५ च्या सुमाराची मराठी पत्रे. 'युनिकोड' या जागतिक प्रमाणात देवनागरी १९९१ पासूनच आहे. पण घरगुती संगणकावर ती यायला विंडोज २००० आणि एक्सपी उजाडावे लागले, आणि एक्सपीतही ती सोय वेगळी चालू करून घ्यावी लागे. तोवर मराठी फाँट म्हणजे एक युक्ती होती. संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच असे. फाँट त्याच्या जागी 'क' किंवा 'ळ'चे चित्र दाखवी. ज्याच्याकडे तो फाँट, त्यालाच मराठी दिसे. पुण्याच्या काकांचा फाँट एक, नाशिकच्या आत्यांचा दुसरा. साध्या मजकुराच्या पत्रात तर फाँटचे नावही नोंदले जात नसे. ते फोनवर विचारून घ्यावे लागे.

या पत्रांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे म्हणजे अक्षराला अक्षर बदलणे नव्हे. 'किरण' लिहिताना जुना फाँट आधी वेलांटी काढतो आणि मग 'क', कारण डोळ्यांना ती आधी दिसते. युनिकोडमध्ये आधी 'क' आणि मग वेलांटी, कारण उच्चार तसा आहे. रफाराची जागाही अशीच बदलते. प्रत्येक फाँटचा तक्ता वेगळा आणि अर्ध्या अक्षरांची खोड वेगळी. हे करताना वारंवार मोडीची आठवण झाली. पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत, पण मोडी जाणणारे मूठभर. आपल्याकडे एका पिढीची लिपी दुसऱ्या पिढीला परकी व्हायला काही दशके लागली. संगणकावर त्याला पाच वर्षे पुरली. संशोधक मूळ मोडी कागद जपतात आणि त्याचे बालबोध लिप्यंतर सोबत ठेवतात. मीही तेच केले. मूळ पत्राला हात लावला नाही. वाचनीय प्रत शेजारी ठेवली. उद्या माझ्या रूपांतरात दोष निघाला, तर मूळ पाहता आले पाहिजे.

युनिकोड पत्रांचीही एक गंमत आहे. फाइल उघडून पाहिली तर त्यांतही बहुधा रोमन अक्षरांची जाळीच दिसते. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली पत्र पाठवण्याचे जे नियम घालून दिले, त्यांत इंग्रजीपुरतीच अक्षरे धरली होती. इतर लिपींना त्याच नळीतून जाता यावे म्हणून १९९२ साली 'माइम' नावाची रीत आली. तिच्यातल्या 'बेस-६४' या पद्धतीने 'घर' हा दोन अक्षरी शब्द आठ रोमन चिन्हांचा होतो. वाचणाऱ्या प्रोग्रामला हे ठाऊक असते, म्हणून आपल्याला 'घर'च दिसते. जाळी असूनही ही पत्रे सुरक्षित आहेत, कारण तिचे नियम जाहीर आहेत. गुप्तता कुलपाची असावी, लिपीची नसावी, हा या साऱ्या कामातून मिळालेला धडा.

सर्व्हरवर शोध चालू झाला आणि घराणे बोलू लागले. समितीला छापण्याजोगी सगळी माहिती मी काढून दिली. 'छापू नये'मधली ४३ पत्रे मात्र वेगळ्या कप्प्यात ठेवली आणि त्यांच्या लेखकांपैकी हयात असलेल्यांना एकेक करून फोन केला. त्यांत बाबांच्या एक चुलत बहीण होत्या. त्यांनी १९६८ साली सासर सोडले, डी. एड. केले आणि पुढे मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. १९५६ च्या कुलवृत्तांतात त्यांचे नुसते नाव आहे. २००६ मध्ये त्यांनी बाबांना सर्व हकिकत कळवली होती आणि आपले थोरले बंधू हयात असेतोवर ती छापू नये, असे बजावले होते. आता त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. बंधू केव्हाच गेले. माझे बोलणे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, स्वतःचेच पत्र मला दोनदा वाचायला लावले आणि सांगितले, 'छाप. शाळेचे नाव विसरू नकोस.' ते पत्र त्या सहाशेंतले होते. डिस्क भंगारात गेली असती किंवा फाँट उलगडला नसता, तर नव्या आवृत्तीतही त्या एका ओळीतच राहिल्या असत्या.

ताबा म्हटला की राखण आली. घरच्या सर्व्हरची जबाबदारी कंपनी घेत नाही. म्हणून या दफ्तराच्या तीन प्रती आहेत : एक सर्व्हरवर, एक कपाटातल्या डिस्कवर आणि एक कूटबद्ध करून दादाकडे. दर तीन महिन्यांनी प्रतीतून काही पत्रे परत काढून पाहते. कारण उघडता न येणारी प्रत असली काय आणि नसली काय! पासवर्ड आणि रचनेची माहिती कागदावर लिहून पाकिटात बंद केली आहे आणि ते भाचीच्या स्वाधीन केले आहे. तिला संगणकातले फारसे कळत नाही, पण तिला माणसे कळतात. 'छापू नये' या कप्प्याला असाच दफ्तरदार हवा.

प्रत्येकाने सर्व्हर बसवावा, असे मी म्हणणार नाही. परंतु माळ्यावरचा जुना संगणक भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी त्याची डिस्क काढून घ्यावी, आत कुणाची पत्रे आहेत ते पाहावे आणि ती साध्या, जाहीर नियमांच्या स्वरूपात उतरवून ठेवावीत. दोन-चार रविवारांचे हे काम आहे. आपल्या पत्रांचे राजवाडे व्हायला पुढे कुणी येईल न येईल. निदान त्याने सोडून पाहावा असा एक रुमाल तरी घरात असू द्यावा.